खालाच्या फ्रीजमधले साठ समोसे

सर्व संबंधितांना, आणि विशेषतः समोशात बटाटाच असतो या गैरसमजात ज्यांचं आयुष्य गेलं त्या दुर्दैवी बांधवांना, या प्रकरणाद्वारे अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येत आहे की, माझे वडील वारले तेव्हा त्यांच्या पश्चात एक पत्नी, एक मुलगी, एक सायकल आणि खिम्याचे साठ समोसे असा परिवार होता. पत्नी, मुलगी आणि सायकल घरी होती. समोसे शेजारच्या फ्रीजमध्ये होते. शोकसभेत सातजण बोलले, पण समोशांचा उल्लेख एकानेही केला नाही. ती चूक मी आज दुरुस्त करते आहे. कुणी उभं राहू नये. बसूनच वाचावं.

नांदुऱ्याला आमचं घर रुळांपासून इतकं जवळ होतं की मालगाडी जाऊ लागली की गल्लीतलं बोलणं थांबायचं आणि शेवटचा डबा गेला की जिथं थांबलं होतं तिथूनच पुढे सुरू व्हायचं. भांडणसुद्धा. दोन बाया कमरेवर हात ठेवून, तोंड उघडं ठेवून, गाडी जायची वाट पाहताना मी पाहिल्या आहेत. बाबा एका दवाखान्यात कंपाउंडर होते. डॉक्टर आत बसायचे, बाबा बाहेरच्या खिडकीत. तेव्हा खेड्यापाड्यांतून आलेल्या माणसाला गोळ्यांच्या पाकिटापेक्षा पुडीवर जास्त विश्वास असायचा. बाबा खलात गोळ्या कुटायचे, पांढऱ्या कागदाच्या चौकोनांवर ती पूड वाटायचे आणि मग त्यांची बोटं चालायची. एक घडी, दुसरी घडी, दोन कोपरे आत, उरलेल्या टोकाची जीभ खाचेत. गोंद नाही, दोरा नाही. ती पुडी बैलगाडीतून, एसटीतून, धोतराच्या सोग्यातून पंधरा मैल जायची आणि कणभर सांडायची नाही. मी लहानपणी शाळेत सांगायची की माझे वडील 'पुडीतज्ज्ञ' आहेत. वहीत तसं लिहिल्याबद्दल बाईंनी मला उभं केलं होतं. आजही मला तो शब्द बरोबर वाटतो.

आमच्या समोर, गल्लीच्या पलीकडे, शमीम खालांचं घर. खाला म्हणजे मावशी. पण त्या सगळ्या गल्लीच्याच मावशी होत्या, त्यामुळे सख्ख्या कुणाच्या हे विचारायचं कधी सुचलं नाही. त्यांचे मियाँ ट्रक घेऊन बाहेर, मुलींची लग्नं झालेली, घरात त्या आणि फ्रीज. गल्लीतला पहिला फ्रीज. त्यावर भरतकाम केलेलं कापड घातलेलं असायचं आणि कुणी जोरात दार लावलं की त्या छातीवर हात ठेवायच्या. रमजान लागायच्या आधीच्या नाहीतर नंतरच्या एखाद्या रविवारी आमच्या दोन घरांचा मिळून समोशांचा कारखाना बसायचा. खिमा मायच्या वाट्याला. आलं, लसूण, हिरवी मिरची, धणे-जिरे, आमचा वऱ्हाडी काळा मसाला, आणि मग तो खिमा कढईत इतका परतायचा की पाण्याचा थेंब राहता कामा नये. माय म्हणायची, "खिमा रडला का समोसा फुटला." कांदा कच्चाच, बारीक चिरून, मीठ लावून, जुन्या धोतराच्या फडक्यात पिळून, अगदी शेवटी. पट्ट्या खालांच्या. दोन पोळ्यांच्या मधे तेल आणि कोरडं पीठ, मग एकत्र लाटायच्या, तव्यावर नुसत्या दाखवल्यासारख्या करायच्या आणि गरम असतानाच चर्रकन सोलून वेगळ्या करायच्या. त्या पोळीतून पलीकडचा माणूस दिसायचा. निदान खालांचं तसं म्हणणं होतं, आणि त्या खरोखर पोळी चेहऱ्यासमोर धरून मला विचारायच्या, "मैं दिखती क्या?"

आणि पट्ट्या कापणं नि घड्या बाबांच्या. दवाखान्यातून टाकून दिलेली एक कात्री त्यांनी तीनदा उकळून घरी आणली होती, तरी खाला दरवर्षी विचारायच्या, "कंपाउंडर साब, इससे किसका पट्टी काटे थे?" बाबा दरवर्षी नवीन रोगाचं नाव सांगायचे. त्यांना मैद्याची खळ लागायची नाही. आम्ही बाया बोटभर खळ लावून समोसा चिकटवायचो, तरी तेलात गेला की तोंड उघडायचा. बाबा नुसती जीभ खाचेत सारायचे. एक झाला की मांडीवरच्या ताटात, एक झाला की ताटात, तोंडाने कुठल्याच गाण्याची नसलेली चाल. त्या शेवटच्या रविवारी साठ झाले. दोन चपट्या डब्यांत तीस-तीस बसवले आणि बाबांनी दोन्ही डब्यांना औषधाच्या बाटलीला लावतात तशी चिठ्ठी डकवली. आमच्या डब्यावर लिहिलं, 'जेवणानंतर. मोठ्यांस चार, लहानांस दोन.' खालांच्या डब्यावर, 'रोज दोन. उपाशीपोटी, सूर्यास्तानंतर.' खाला हसून हसून भिंतीला टेकल्या. दोन्ही डबे फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेअकराच्या सुमाराला बाबा दवाखान्याच्या खिडकीत, स्टुलावर, बसल्या जागी गेले. डॉक्टर चार पावलांवर होते. समोर उभी असलेली म्हातारी बराच वेळ हात पसरून पुडीची वाट पाहत राहिली, असं मला नंतर कळलं.

आता इथं माझ्याकडून एका हृदयद्रावक परिच्छेदाची अपेक्षा असणार. मी तो देऊ शकत नाही, कारण माझ्याजवळ नाही. मी नववीत होते आणि मला काहीही वाटलं नाही. हे मी नाटकीपणाने सांगत नाही. बाकी सगळं नाटकीपणाने सांगते, हे नाही. कानात कापूस घातल्यासारखं झालं. माणसं येत होती, त्यांची तोंडं हलत होती. गल्लीतल्या घराघरांतून कडू भाकर येत होती. माणूस गेलेल्या घरात चूल पेटत नाही म्हणून शेजारचे जे आणून देतात तिला आमच्याकडे कडू भाकर म्हणतात. ती कडू मुळीच नसते, चांगलं झणझणीत पिठलं असतं. पण मला चहा आणि पिठलं यांतला फरक फक्त एक पिता येतो यावरून कळत होता. मी खात होते, गिळत होते, ताट धूत होते. एकदा मी जिभेवर मीठ ठेवून पाहिलं. खारट होतं. पण ते खारट दुसऱ्याच कुणाच्या तोंडात असल्यासारखं होतं.

मायचंही तेच. ती रडली नाही. याचा गल्लीला फार त्रास झाला. बाया तिला घेरून बसायच्या आणि म्हणायच्या, "रड वं माय, रड. मोकळी हो." माय सूप घेऊन तांदूळ निवडत बसायची. निवडलेलेच तांदूळ. संध्याकाळी डब्यात ओतायचे, सकाळी परत सुपात. विचारलं तर 'हाव' नाहीतर 'नाही', तिसरा शब्द नाही. तिच्या वाटचं रडायला शेवंता आत्या होत्या, बाबांच्या थोरल्या बहीण. त्या नवीन माणूस दारात दिसला की "माह्या भावा रेऽऽ" म्हणून सूर धरायच्या, आणि तो माणूस बसला की त्याच श्वासात विचारायच्या, "चहा घेसान ना?" मी हे चेष्टेने लिहिते आहे, पण त्या घरात एकट्या त्यांचंच काम बरोबर चाललं होतं हे मला आज कळतं. माझी मुलगी मला विचारते, "मम्मी, मग तू रडलीस तरी कधी?" मी रडले तीन वर्षांनी. मलकापूरच्या बसस्टँडवर, बस चुकली म्हणून. तास-दीड तास रडले. कंट्रोलरने मला पुढच्या बसची वेळ चारदा सांगितली.

पहिल्या दिवशी आत्यांनी बाबांना निजवलं होतं त्या जागेवर परातीत पीठ पसरून ठेवलं होतं. रात्रीतून त्यात पाऊल उमटतं आणि गेलेला माणूस कोणत्या जन्माला गेला ते कळतं म्हणे. डोणगावहून मधुकर मामा आले, मायचे थोरले भाऊ, शाळामास्तर. त्यांनी ती परात पाहिली, उचलली आणि पीठ पुन्हा डब्यात ओतलं. "बाई, आपण बौद्ध आहोत. बावीस प्रतिज्ञा घेतल्या तुमच्या बापानं. पिठाची पोळी होते, पुनर्जन्म होत नाही." आत्या म्हणाल्या, "तुम्ही मास्तर आहा, शाळेत शिकवा. माहा भाऊ गेला." त्यानंतर दोघं एकमेकांशी फक्त माझ्यामार्फत बोलत होते. 'तुह्या आत्याले सांग', 'तुह्या मामाले इचार'. दोघंही चार हातांवर बसलेले. पुण्यानुमोदन, म्हणजे गेलेल्या माणसासाठी वंदना आणि जेवण, दहाव्या दिवशी ठरलं. तोवर घरात मटण नाही आणि कढई चढवायची नाही, तळण म्हणजे सणाचं काम, या दोन गोष्टींवर मात्र आत्यांनी मामांचं काही चालू दिलं नाही. मामांनी प्रतिज्ञांमध्ये तळणाविषयी काही सापडतं का याचा विचार केला असावा. नव्हतं.

मी रोज दुपारी गल्ली ओलांडून खालांकडे जात असे. खाला रोज्यात, ओढणी डोळ्यांवर घेऊन आडव्या पडलेल्या. मी फ्रीज उघडायची, बर्फाच्या कप्प्याचं छोटं दार उघडायची, दोन डबे आणि बाबांच्या अक्षरातल्या दोन चिठ्ठ्या बघायची आणि दोन्ही दारं लावायची. एवढंच. खाला डोळे न उघडता म्हणायच्या, "हैं ना? उड़के नहीं गए ना?" त्यांनीही त्यांच्या डब्याला हात लावला नव्हता. नऊ दिवस रोज दोन खजूर आणि पाण्यावर रोजा सोडत होत्या. मी एकदा म्हटलं, "खाला, तुमचे तरी तळा." त्या म्हणाल्या, "तू तलेगी पहले?" मी नाही म्हटलं. माझा हिशेब सरळ होता, नववीतल्या मुलीला शोभणारा. ते साठ समोसे जोवर डब्यात आहेत तोवर बाबांचं काम अर्धवट आहे. आणि अर्धवट काम टाकून बाबा कधी उठत नसत. ते तळले, खाल्ले, की झालं. मग तिथं काहीच राहणार नव्हतं. मी ठरवलं होतं की ते कायमचे ठेवायचे. कायमचे म्हणजे किती, हे ठरवलं नव्हतं.

नवव्या दिवशी सकाळी दहा वाजता कोपऱ्यावरची विजेची डीपी उडाली. असा आवाज झाला की आत्यांनी सवयीने सूर धरला. मार्च महिना, आणि नांदुऱ्याचा मार्च म्हणजे बाकीच्या देशाचा मे. लाइनमन आला, खांबाखाली उभा राहून त्याने वर पाहिलं, गल्लीकडे पाहिलं आणि म्हणाला, "जळाली." हे आम्हालाही दिसत होतं. नवीन खामगावहून येणार होती. "उद्या. नाईत परवा." आज माझ्या घरी, बुलढाण्यात, इन्व्हर्टर आहे, आणि लाइट गेली की तो जो टिक करून आवाज देतो, तो ऐकून मी अजूनही आधी फ्रीजकडे धावते. नवरा म्हणतो, अगं चालू झाला, चालू झाला. त्याला समोशांचं माहीत आहे, तरी म्हणतो.

मी बाबांची सायकल काढली. नऊ दिवस तिला कुणी हात लावला नव्हता. सीट उंच होती, मी अर्ध्या पॅडलवर मारत स्टेशन रोडला गेले आणि बर्फवाल्याकडून पाव लादी बर्फ घेतला, भुशात आणि पोत्यात गुंडाळून. येताना कॅरिअरवरून सगळा रस्ताभर पाणी गळत होतं. खाला आतल्या खोलीत नमाजला बसल्या होत्या. मी बत्त्याने बर्फ फोडला, दोन्ही डबे उघडले आणि इथं मी माझ्या आयुष्यातला सर्वांत मोठा मूर्खपणा केला. त्यानंतर पुष्कळ केले, पण ते मोठेपणी केले असल्याने मोजत नाही. मी बर्फाचे तुकडे थेट समोशांवर घातले. थरांच्या मधे, कोपऱ्यांत, अगदी प्रेमाने. झाकणं लावली, डबे पोत्यात गुंडाळले आणि समाधानाने त्यांच्यावर हात ठेवून बसले.

दोन तासांनी खालांनी झाकण उघडलं. "या अल्ला! ये क्या कर दी री तू!" डब्यात दोन बोटं पाणी होतं आणि त्यात समोसे. कागदाची होडी नाल्यात किती वेळ होडी राहते? बाबांनी खळ लावली नव्हती. खळ लावलेला समोसा चिकटून तरी राहिला असता. बाबांची नुसती घडी होती, आणि ओल्या पट्टीला घडी आठवत नाही. त्या उलगडत होत्या. मी बघत असतानाच एकाची जीभ खाचेतून सुटली आणि वर आली. मला वाईट वाटायला हवं होतं. मला फक्त एवढंच जाणवलं की माझ्या हातांना बर्फामुळे काही कळत नाहीये, आणि हे बरं आहे, सगळीकडे सारखं झालं.

खालांनी मला हाताला धरलं आणि गल्ली ओलांडून आमच्या ओट्यावर आणलं. आत्या दारातच होत्या. "काय झालं? पोट्टीचे हात काऊन असे?" खाला म्हणाल्या, "बाई, वो समोसे थे ना कंपाउंडर साब के। भीग गए। आज तले तो तले, नहीं तो फेंकना पड़ेगा।" आत्यांचा चेहरा आधी काही समजला नाही असा, मग समजलं असा, आणि मग दोन्ही एकदम असा झाला. "तळते? दुखाच्या घरात? खिमा? उद्या पुण्यानुमोदन हाये अन् आज कढई? लोकं तोंडात शेण घालतीन आमच्या!" खाला म्हणाल्या, "तो मैं क्या करूँ, बाई? तुम्हारे भाई ने बनाए। मैं कचरे में डालूँ?" आत्यांनी तेच पुन्हा मोठ्याने म्हटलं. तेवढ्यात मालगाडी आली. दोघी तोंड उघडं ठेवून थांबल्या. गाडी लांब होती. आणि गाडीच्या आवाजात मला दिसलं की माय सूप खाली ठेवून उभी राहिली आहे.

शेवटचा डबा गेला. माय म्हणाली, "कितीक ओले झाले?"

नऊ दिवसांनंतरचं पहिलं वाक्य. आत्या सूर धरायलाही विसरल्या.

"सगळेच," मी म्हटलं.

"बर्फ वरून टाकला? बर्फ डब्याच्या भाईर ठेवा लागते, येडे." ती पायऱ्या उतरली. पुण्यानुमोदन होईपर्यंत तिने उंबरा ओलांडायचा नव्हता, हे गल्लीतल्या कुत्र्यालाही माहीत होतं. आत्यांनी तिचा पदर धरला. "वैनी! कुठी चालली?" माय वळली. रागाने नाही, ती तेव्हा कशानेच काही करत नव्हती. "आपल्या घरात कढई नाही चढून राह्यली ना? मंग झालं. कढई खालाची हाये. मी नुसती बसतो." आणि पदर सोडवून गल्ली ओलांडून गेली. आत्या ओट्यावर उभ्या राहिल्या, डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, कोण कोण पाहतंय याची नोंद घेतली आणि मग मागोमाग आल्या. "मी फक्त पाहाले येऊन राह्यली," त्या म्हणाल्या. "नजर ठेवाले."

खालांच्या स्वयंपाकघरात मायने जुनी चादर अंथरली आणि एकेक समोसा असा उचलला जसं आजारी माणसाला कूस बदलायला लावतात. पंखा बंद. मला पुठ्ठा दिला, "वारा घाल." मी वारा घालत होते. अडतीस समोसे उलगडलेले होते. त्यांतला खिमा काढून मायने पुन्हा परतला, कोरडा केला. ओल्या पट्ट्या टाकून खालांनी नवीन लाटल्या. आणि माय स्वतः घड्या घालायला बसली, खळ लावून. बाबांसारखी घडी तिने एकदाही करून पाहिली नाही. आपली केली, जाड, कोपरा बाहेर आलेली. राहिलेले बावीस बाबांचे होते. मी ते वेगळे ताटात ठेवले आणि ताट मांडीवर घेऊन बसले. माय एकदा त्या ताटाकडे हात न्यायला लागली आणि मी ताट मागे ओढलं. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. "ठेवशीन त आंबतीन," ती म्हणाली. "उद्या वास मारतीन. मंग त्याईचा वास तुले आठवन, जलमभर." एवढंच. मग हात तसाच पसरून थांबली. मी ताट दिलं.

तेल तापलं. पहिला गेला, सुर्रकन आवाज झाला, पाण्याचे थेंब उडाले आणि सगळ्या मागे सरकल्या. बाबांच्या बावीसपैकी तेरा फुटले. खिमा तेलात पसरला, तेल काळं झालं, माय झाऱ्याने गाळत राहिली. नऊ नीट निघाले. रंग बदामी, कोपरे टोकदार, जीभ खाचेत. खाला रोज्यात असल्याने चाखू शकत नव्हत्या, माय चाखत नव्हती, मला चव नव्हती. आत्या म्हणाल्या, "मी खात नाही. पण मीठ पाहाले पाह्यजे कोनीतरी." त्यांनी भिंतीकडे तोंड करून एक खाल्ला. मग भिंतीकडे तोंड करूनच हात मागे पसरला. दुसरा दिला. मीठ बरोबर आहे की नाही हे त्यांना तिसऱ्यापर्यंत नक्की सांगता येईना.

सूर्य बुडाला, मशिदीतून आवाज आला. खालांनी खजूर तोंडात टाकला, पाणी प्यायल्या आणि बाबांच्या नऊमधले दोन उचलले. रोज दोन, उपाशीपोटी. आम्ही चौघी खालांच्या ओट्यावर बसून खात होतो. ओट्यापुढून जाणारे थबकत होते, पाहत होते, पुढे जात होते. मी मायच्या हातचा एक खाल्ला, बाबांच्या हातचा एक खाल्ला. मला फरक कळला नाही. कळायला हवा होता असं वाटून मी आणखी एक-एक खाल्ला. गरम आहे एवढं कळलं. माय सावकाश चावत होती, समोर रुळांकडे बघत. बाबांचे संपत आले तेव्हा मी शेवटचा, सगळ्यांत सुबक, हातात धरून ठेवला. खायचा नव्हता आणि खाली ठेवायची हिंमत होत नव्हती. आत्यांनी पाहिलं. त्या पहिल्यांदाच माझ्याशी हळू आवाजात बोलल्या. "त्याच्या फोटूपुढं ठेव. त्याचा घास. तिथून कोनी घेत नाही."

मला ते एकदम पटलं. गेलेल्या माणसाच्या ताटाला कोण हात लावणार? मी स्टीलच्या ताटलीत तो एकच समोसा ठेवला, घरी गेले, बाबांच्या फोटोपुढे मेणबत्ती होती तिच्या शेजारी ठेवला आणि जरा मागे सरकून पाहिलं. डीपी अजून जळालेलीच होती, खोलीत तेवढाच उजेड. माय आणि आत्या मागून आल्या, दारात टेकल्या. खरं सांगते, नऊ दिवसांत पहिल्यांदा मला वाटलं की सगळं जागच्या जागी आहे.

तेवढ्यात मधुकर मामा आले. सकाळी सहाला निघालेले, धुळीने माखलेले, खांद्यावरची पिशवी त्यांनी कोपऱ्यात भिरकावली. उद्या दीडशे माणसांचं जेवण, आणि ठरलेल्या आचाऱ्याने ऐनवेळी दुसऱ्या गावचं लग्न धरलं होतं. मामा दिवसभर खामगावात दारोदार हिंडून रिकाम्या हाताने परतले होते. हे सगळं त्यांनी चपला काढता काढता, कुणालाही उद्देशून नाही असं सांगितलं. मग त्यांचं लक्ष फोटोकडे गेलं. मेणबत्तीकडे, ताटलीकडे. ते ताठ झाले. "हे काय?" त्यांनी मला विचारलं, म्हणजे आत्यांना विचारलं. "फोटोले नैवेद्य? तुह्या आत्याले सांग, आपल्यात श्राद्ध नाही. फोटो खात नाही. माणूस खाते. अन् मी माणूस हाओ, सकाळपासून उपाशी."

मी तोंड उघडलं. आवाज निघाला नाही. तेव्हा मालगाडीही नव्हती. मामांनी समोसा उचलला आणि तत्त्वासाठी अर्धा एका घासात तोडला. मग त्यांचं चावणं हळू झालं. त्यांनी उरलेला अर्धा मेणबत्तीपाशी धरून आत पाहिलं, घडी पाहिली, बोटाने कोपरा दाबून पाहिला, तो तोंडात टाकला, डोळे मिटले. माय दारात उभी होती. आत्यांनी तिचा दंड धरला होता. मामांनी डोळे उघडले, दिवसभराचा शीण चेहऱ्यावरून पार उतरलेला, आणि भरल्या तोंडाने, आनंदाने, सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं म्हणाले,

"कोनं केले वं हे? मी अख्खं खामगाव पालथं घालून राह्यलो, अन् असा हात इथंच हाये! बोलवा त्याले, उद्याच्या सैपाकाले तोच पाह्यजे आपल्याले!"